गैरहजर मुलांचं वजन

मी आहारतज्ज्ञ आहे आणि पुण्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या लठ्ठपणावर काम करते. सुरुवातीच्या काही वर्षांत आमचा उपक्रम यशस्वी झाला असं मी अहवालांत लिहून दिलं, परिषदांमध्ये तक्ते दाखवून सांगितलं आणि मनापासून तसं मानलंही. ते खरं नव्हतं. कुणी आकडे फिरवले नव्हते. वजनकाटा बरोबर होता, बेरजा-भागाकार बरोबर होते. काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कुणाला मोजायचं हे ठरवताना चुका झाल्या, आणि ते ठरवणारी मीच होते. आता बऱ्याच शाळा असे उपक्रम सुरू करतात, त्यांचे अहवाल अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात आणि प्रत्येकात मला माझी एखादी जुनी चूक भेटते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली शाळा खासगी, इंग्रजी माध्यमाची. मुलं बसने किंवा आईबाबांच्या गाडीतून येणारी, संध्याकाळी क्लासला जाणारी, सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळणारी. जूनमध्ये चौथी ते सातवीच्या सगळ्या वर्गांची उंची-वजनं घेतली, बीएमआय काढला, आणि ज्यांचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला त्यांची यादी केली. त्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर खेळ, डब्यात काय असावं यावर गप्पा, पालकांसाठी व्याख्यानं आणि दर महिन्याला वजन. शेवटची मोजणी फेब्रुवारीत, परीक्षांचं वारं सुरू व्हायच्या आधी. यादीतल्या मुलांचा सरासरी बीएमआय उतरला होता. विश्वस्त खूश झाले, देणगीदारांनी पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर केले आणि आम्ही आणखी शाळा घेतल्या.

सर्वांत साधी चूक किलोंची. दर महिन्याचं वजन आम्ही हॉलमधल्या फळ्यावर लिहायचो. मुलांना प्रोत्साहन मिळेल असं वाटायचं. वाढीच्या वयातल्या मुलाचं वजन वाढणं हे त्याच्या प्रकृतीचं लक्षण असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी फळ्यावरचा आकडा खाली आला की मला बरं वाटायचं आणि वर गेला की वाईट. सहावीतला एक मुलगा जूनमध्ये १४० सेंटिमीटर उंच आणि ४५ किलोचा होता. फेब्रुवारीत तो १४६ सेंटिमीटर आणि साडेसत्तेचाळीस किलो झाला. त्याची आई भेटायला आली. “मॅडम, वर्षभर क्लास बुडवून पाठवलं याला. तरी अडीच किलो वाढलाच की हा!” मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी अजून प्रयत्न करू. तो मुलगा शेजारी उभा होता. समोर कागद होता आणि मी भागाकारही केला नाही. त्याचा बीएमआय २३ वरून २२.३ वर आला होता. त्या वयात सर्वसाधारण मुलाचा बीएमआय हळूहळू चढतो, म्हणजे त्याची सुधारणा दिसते त्याहूनही जास्त होती. त्या वर्षी आमच्याकडे खरोखर सुधारलेली जी थोडी मुलं होती त्यांत तो होता, आणि तो नापास झाल्याची भावना घेऊन घरी गेला.

बीएमआय हेही मोठ्यांसाठी बेतलेलं माप. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणितज्ञाची, १८३० च्या दशकातली. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते पाहायचं होतं, आजार ओळखायचा नव्हता. बॉडी मास इंडेक्स हे नाव आन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. मोठ्या माणसाला २५ आणि ३० या दोन ठरलेल्या रेषा पुरतात. मुलांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वयाला आणि मुलगा-मुलगी असा वेगळा तक्ता लागतो. २००० साली टिम कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांच्या आकडेवारीवरून असा तक्ता केला. अठराव्या वर्षी २५ आणि ३० वर पोचणाऱ्या रेषा त्यांनी मागे लहान वयापर्यंत नेल्या. त्या सहा देशांत भारत नव्हता. भारतीय माणसाला कमी बीएमआयवरच मधुमेह, रक्तदाब गाठतो, म्हणून २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःचे तक्ते काढले. त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा घेतल्या. या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा पुढाकार होता. हे तक्ते आले तसे आम्ही लगेच ते वापरू लागलो, आणि तिथे मी आणखी एक चूक केली. त्या वर्षीच्या लठ्ठ मुलांची संख्या मी नव्या तक्त्यावरून काढली आणि तिची तुलना आधीच्या वर्षीच्या, जुन्या तक्त्यावरच्या संख्येशी केली. शाळेत लठ्ठपणा भराभर वाढतोय असा निष्कर्ष निघाला. मुलं तीच होती. तक्त्यावरची रेषा खाली आली होती. एका पालकसभेत मी हा ‘वाढता धोका’ फार कळकळीने सांगितला, आणि त्या सभेतून घाबरून घरी गेलेल्या आयांनी मुलांच्या डब्यातलं तूप बंद केलं.

ही चूक मला माझी मला सापडली. पुढच्या चुका दाखवल्या एका संख्याशास्त्राच्या बाईंनी. महाविद्यालयातून शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आमचं काम एखाद्या नियतकालिकात छापावं असं मनात होतं, म्हणून कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, “ही मुलं तुम्ही निवडली कशी?”

“सगळ्यांत जास्त बीएमआयवाली घेतली.”

“मग पुढच्या मोजणीत ती थोडी खाली येणारच. तुम्ही काही केलं नसतंत तरी.”

मला पटलं नाही. त्यांनी समजावलं. घटक चाचणीत वर्गात पहिली आलेली दहा मुलं घ्या आणि वार्षिक परीक्षेत त्यांचा क्रमांक बघा. बहुतेक जण थोडे मागे सरकलेले दिसतात. त्यांचा अभ्यास बिघडलेला नसतो. पहिल्या चाचणीत पहिल्या दहांत यायला हुशारीबरोबर त्या दिवसाची थोडी अनुकूलताही लागलेली असते, आणि ती दर वेळी साथ देत नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं. खूप उंच जोडप्यांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांहून थोडी कमी. टोकाचा गट निवडला की दुसऱ्या मोजणीत तो सरासरीकडे सरकतो. आमच्या यादीत काही मुलं अशी होती की उंची वाढायच्या आधीचं बाळसं त्यांनी धरलेलं होतं आणि आठ-नऊ महिन्यांत त्यांची उंची सुटली. ती आमच्या खात्यात जमा झाली.

याला उपाय एकच, तुलनेचा गट. तशाच दुसऱ्या शाळेतली तशीच मुलं, त्याच महिन्यांत, त्याच काट्यावर मोजायची आणि त्यांच्यासाठी काही करायचं नाही. आम्ही ते केलं नव्हतं. गरजू मुलांना मोजून तसंच सोडायचं मला अन्यायाचं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, “तुलनेच्या शाळेला पुढच्या वर्षी तोच उपक्रम द्या. पण तुमच्या उपक्रमाने काही होतं की नाही हे न कळता तो हजारो मुलांवर करत राहणं, हा मोठा अन्याय आहे.” मी गप्प बसले. आजही त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मग त्यांनी महिन्यांकडे बोट दाखवलं. पहिली मोजणी जूनची का? मी म्हटलं, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून. आणि त्याआधी काय असतं? मे महिना. आजोळ, लग्नकार्यं, आमरस, दुपारभर टीव्ही, रात्री उशिरापर्यंत जागरण, सकाळी उशिरा उठणं. अमेरिकेत बालवाडी आणि पहिलीतल्या पाच हजारांवर मुलांच्या नोंदी पाहून पॉल फॉन हिपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की मुलांचा बीएमआय शाळेच्या दिवसांपेक्षा उन्हाळी सुट्टीत जास्त वेगाने चढतो. शाळेचं वेळापत्रक, ठरलेल्या वेळी खाणं, चालणं-फिरणं यांनीच मुलांना बरंचसं सांभाळलेलं असतं. आम्ही सुट्टीच्या टोकाला मोजलं, शाळेच्या वर्षाच्या टोकाला पुन्हा मोजलं आणि मधला उतार आमच्या उपक्रमाचा म्हणून सांगितला. जून ते जून मोजलं असतं तर तो उतार दिसला असता का? पुढे आम्ही तसं मोजलं. दिसला नाही.

त्यांचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जड गेला. जूनच्या तक्त्यात नावं जास्त होती, फेब्रुवारीच्या तक्त्यात कमी. “उरलेली मुलं कुठे गेली?” मी सहज म्हटलं, गैरहजर होती. आजारपण, चालायचंच. त्यांनी मला घरी पाठवलं ते एक गणित देऊन. फेब्रुवारीत हजर असलेल्या मुलांचीच जूनमधली सरासरी काढायची. मी रात्री बसून ती काढली. जूनमध्येच ती यादीच्या सरासरीहून कमी होती. म्हणजे शेवटच्या दिवशी जे आले नाहीत ते यादीतले सर्वांत वजनदार होते. हजर मुलांची तुलना त्यांच्या स्वतःच्या जूनच्या आकड्याशी केली तेव्हा आमचं बहुतेक यश कागदावरून नाहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी वर्गांचे हजेरीपट काढले. वजनाच्या दिवशी आमच्या तक्त्यात नसलेली मुलं त्या दिवशी शाळेत होती. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. मी वर्गशिक्षिकांना विचारलं. एकीने सांगितलं, “या मुलीचं वजनाच्या दिवशी पोट दुखतंच. मी तिला सिकरूममध्ये बसवते.” एक मुलगा त्या तासाला नेहमी ग्रंथालयात जायचा. पी.टी.च्या सरांना हे माहीत होतं, शिपाईकाकांना माहीत होतं, मुलांच्या मित्रांना तर पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं ती मुलं आमच्या काट्यापासून लपत होती, आणि त्यांच्या लपण्यामुळे आमचा आलेख सुंदर झाला होता. त्या दुपारी मी शाळेत कुणाशी फारसं बोलू शकले नाही.

बक्षिसाबद्दलही लिहायला हवं. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही ‘सर्वांत जास्त सुधारणा’ असं एक बक्षीस दिलं आणि सुधारणा म्हणजे सर्वांत जास्त कमी झालेले किलो असं धरलं. ते सातवीतल्या एका मुलीला मिळालं. टाळ्या वाजल्या, सूचनाफलकावर तिचा फोटो लागला. पुढच्या वर्षी पावसाळ्यात प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली, आणि तेव्हा तिच्या आईकडून बाकीचं कळलं. वजनाच्या आठवड्यात ती डबा मैत्रिणींना वाटून टाकायची. नंतर रोजच वाटू लागली. रात्री ‘शाळेत खूप खाल्लं’ म्हणून सांगायची. मी घरी येऊन तिचा जुना तक्ता काढला. ज्या महिन्यांत तिचं वजन उतरत होतं त्या महिन्यांत तिची उंची जवळजवळ वाढलीच नव्हती. बारा वर्षांची मुलगी, उंची थांबलेली, वजन घसरतंय. कुठल्याही आहारतज्ज्ञाने तिथे थांबायला हवं होतं. ती नोंद माझ्या हाताने केलेली होती, आणि मी पुढचा रकाना पाहून तिला बक्षीस दिलं.

मी तिला भेटायला गेले. माफी मागितली. ती माझ्यावर रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “मॅम, तो बोर्डवरचा फोटो काढून टाकाल का?” फोटो त्याच दिवशी काढला. तिला समुपदेशकांकडे बराच काळ जावं लागलं. सावरली, पण सहज नाही सावरली.

त्या काळात वजनाच्या उपक्रमाने मुलांचं नुकसानही होऊ शकतं आणि ते मोजावं लागतं, हा विचारच मी केला नव्हता. फायदा मोजायचे रकाने होते, नुकसानीचा एकही नव्हता. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्याने २००३ मध्ये कायदा करून शाळांत मुलांचे बीएमआय मोजायला आणि पालकांना घरी पत्रं पाठवायला सुरुवात केली. ती पद्धत बऱ्याच ठिकाणी उचलली गेली. आम्हीही तिचाच धागा पकडून प्रगतिपुस्तकाबरोबर वजनाची चिठ्ठी पाठवायचो. तिचा खरा कस लागला कॅलिफोर्नियात. क्रिस्टीन मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ शाळांतल्या सुमारे २९ हजार मुलांवर चाचणी केली. काही शाळांत वजन करून पालकांना कळवलं, काहींत वजन केलं पण कळवलं नाही, काहींत वजनच केलं नाही. निष्कर्ष २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. पालकांना कळवल्याने जाड मुलांच्या बीएमआयमध्ये काही फरक पडला नाही. ज्या शाळांत वजन केलं तिथल्या मुलांचं स्वतःच्या वजनाविषयीचं असमाधान मात्र बाकीच्यांपेक्षा अधिक वाढलं. तो लेख मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा हॉल आला, वर्गासमोर रांगेत उभं राहून काट्यावर चढणारी मुलं आणि मोठ्याने आकडा वाचणारी मी.

आणखी एक मुलगा मला विसरता येत नाही, आणि तो आमच्या यादीत कधी आलाच नाही. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेलं, बीएमआय तक्त्याच्या अगदी मधोमध. त्याचे मित्र आमच्या खेळांना यायचे म्हणून त्यालाही यायचं होतं. मी म्हटलं, “तुला गरज नाही रे.” त्याच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा पट्टा होता. आई तो मळ समजून रोज घासायची, म्हणून मान लालसरही झालेली. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, हे मी शिकलेले. तरी माझी नजर आकड्यावर होती, मानेवर नव्हती. पुढे घरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा त्याची साखर वाढायला लागलेली आढळली. वडिलांना आणि आजोबांना मधुमेह होताच.

आणि हे सगळं मी पुण्यात बसून करत होते! केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच तर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. हा लेख माझ्या व्याख्यानात असायचा. लोकांना तो आवडायचा. पण यादी करताना मी पुन्हा बीएमआयचीच रेषा आखायचे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, एवढी एक साधी टेप लावली असती तरी तो मुलगा आम्हाला दिसला असता.

व्यायामाच्या बाबतीत मी तास मोजले आणि हालचाल झाली असं गृहीत धरलं. इंग्लंडमध्ये प्लिमथला टेरी विल्किन यांच्या गटाने तीन शाळांतल्या मुलांच्या कमरेला हालचाल नोंदणारी यंत्रं लावली होती. एका शाळेत आठवड्याला नऊ तास व्यायाम, दुसरीत २.२, तिसरीत १.८. आठवड्याची एकूण हालचाल मात्र तिन्हीकडे जवळजवळ सारखी निघाली. शाळेत कमी खेळणारी मुलं घरी जाऊन भरपाई करत होती. हे २००३ मध्येच छापून आलं होतं. आमची मुलं आमच्याकडे खेळून दमायची आणि मग सोसायटीत खाली उतरायची नाहीत, हे मला एका आजींनी सांगितलं तेव्हा मी ते मनावर घेतलं नव्हतं.

मोजण्याच्या तंत्रातल्या चुका तर किती! उंची मोजायला भिंतीवर चिकटवलेली कागदी पट्टी, खाली फरशी थोडी उतरती. मुलींच्या उंच बांधलेल्या केसांवरूनच पट्टी टेकवलेली. जूनमध्ये सकाळी मोजलेली उंची आणि फेब्रुवारीत शाळा सुटल्यावर मोजलेली. दिवसभरात माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते. १४० सेंटिमीटर उंचीच्या ४५ किलोच्या मुलाची उंची एका सेंटिमीटरने चुकली की बीएमआय ०.३ ने हलतो, आणि जगभरच्या मोठ्या चाचण्यांत शालेय उपक्रमांचा जो सरासरी परिणाम दिसतो तो बहुधा याहून लहान असतो. म्हणजे आम्ही जे शोधत होतो ते आमच्या पट्टीच्या चुकीपेक्षा बारीक होतं.

त्या मोठ्या चाचण्या मी उशिरा, नीट वाचल्या. अमेरिकेतल्या आदिवासी मुलांसाठी ‘पाथवेज’ नावाचा उपक्रम ४१ शाळांत तीन वर्षं चालला. तुलनेच्या शाळा होत्या, मोजमाप काटेकोर होतं. मुलांची समज वाढली, शाळेच्या जेवणातली चरबी कमी झाली, शरीरातल्या चरबीत फरक पडला नाही, आणि २००३ मध्ये त्यांनी हे सगळं स्पष्ट लिहिलं. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्सच्या ५४ शाळांतला ‘वेव्ह्ज’ अभ्यास आणि डेव्हनच्या ३२ शाळांतला ‘हेल्प’ उपक्रम, दोन्हींचे निष्कर्ष २०१८ चे आणि दोन्हीकडे वजनात अर्थपूर्ण फरक नाही. माणसांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातलेली कामं ही. त्यांनी शून्य आलं तर शून्य लिहिलं. माझ्या चिमुकल्या उपक्रमात मला मोठं यश दिसत होतं, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

बाईंच्या सल्ल्याने आम्ही नव्याने काम उभं केलं. दोन शाळा घेतल्या, एक आधी आणि एक वर्षभराने. मोजणी जून ते जून. उंचीसाठी लाकडी उभा मापक, टाचा आणि डोक्याची मागची बाजू टेकवून, केस सोडून, सकाळीच. प्रत्येक मूल पडद्याआड एकटं, आकडा मोठ्याने वाचायचा नाही, काट्याचा आकडा मुलाला दिसायचा नाही. जे मूल आलं नाही त्याच्यासाठी पुन्हा जायचं. ज्याला मोजून घ्यायचं नाही त्याने तसं सांगितलं तर ते मान्य करायचं आणि तेही लिहून ठेवायचं. जाड मुलांचा वेगळा गट करायचा नाही, संपूर्ण वर्गाने खेळायचं. कमरेचा घेर, वीस मीटरच्या धावफेऱ्यांत किती टिकतात, किती वाजता झोपतात, आणि एक प्रश्नावली: वर्गात वजनावरून कुणी चिडवतं का, जेवण मुद्दाम टाळलं का, स्वतःचं शरीर आवडतं का. कॅन्टीनमध्ये काय विकलं जातं याची रोजची नोंद. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ हटवायचा निर्णय काढला होता. तरी त्या कॅन्टीनमध्ये समोसे, क्रीमरोल आणि गोड पेयं होती, आणि आमच्या जुन्या उपक्रमाने त्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण कॅन्टीनचं वजन होत नाही.

वर्षाअखेर दोन शाळांच्या बीएमआयमध्ये फरक आढळला नाही. आमच्या शाळेतली मुलं धावफेऱ्यांत जास्त टिकू लागली होती, चिडवणं कमी झाल्याचं प्रश्नावलीत दिसत होतं, कॅन्टीनमधली गोड पेयं गेली होती. मी अहवालाच्या पहिल्या पानावर ‘बीएमआयमध्ये फरक नाही’ हे वाक्य घातलं. एका देणगीदार संस्थेने पुढचे पैसे थांबवले. त्यांना दोष देणं मला पटत नाही. पहिल्या वर्षी उतरत्या आलेखावर पैसे द्यायची सवय त्यांना मीच लावली होती.

एका विश्वस्तांनी बैठकीत विचारलं, “मग मॅडम, आम्ही कशासाठी खर्च केला?” मी त्यांना धावफेऱ्यांचा आणि प्रश्नावलीचा तक्ता दाखवला. वर्षभरात वजन हलेल अशी अपेक्षाच बहुधा चुकीची आहे, आणि सोसायटीतल्या खेळायच्या जागा, क्लासच्या वेळा, गल्लीच्या तोंडावरची दुकानं बदलल्याशिवाय एकट्या शाळेच्या हातात फार थोडं आहे, असंही सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. मैदानाचा तास आणि कॅन्टीनचे बदल मात्र त्यांनी शाळेच्या खर्चातून चालू ठेवले. मला वजनाच्या आलेखापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला, कारण त्याचा उपयोग बारीक मुलांनाही होतो, आणि त्या काळ्या पट्ट्याच्या मुलासारख्यांनाही.

वजनाच्या चिठ्ठ्या आम्ही बंद केल्या आहेत. आता पालकांना एक पत्र जातं: मोजणी झाली आहे, तुमच्या मुलाचा वाढीचा तक्ता पाहायचा असेल तर वेळ घेऊन या, आणि मुलासमोर वजनाचा विषय काढू नका. फोन येतातच. “फक्त किती किलो ते सांगा ना, मॅडम.” मी सांगत नाही. या, म्हणते. आले की आधी उंचीची रेषा दाखवते, मग वजनाची, मग दोन्ही एकत्र, आणि मूल रात्री किती वाजता झोपतं ते विचारते.